सौसरहून आणलेलं तेल

पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत दोन वस्तू अशा होत्या, की कुणी उघडून पाहिलं असतं तर मला खुळीच म्हटलं असतं. एक होती पोस्टकार्डापेक्षा लहान, पिवळसर, दिसायला अगदी मामुली पट्टी. दुसरी होती बोटभर उंचीची शिशी, तळाशी थोडंसं तेल असलेली, चार रुमालांत गुंडाळलेली. दोन्ही ऑफिसच्या मालकीच्या होत्या. पण ते तेल गेली तीन वर्षं मी माझं असल्यासारखं सांभाळलं होतं.

मी काय काम करते हे सांगायला लागले की माझे नातेवाईक विषय बदलतात, म्हणून इथे थोडक्यात उरकते. फोन, कॉम्प्युटर आणि मोठमोठे सर्व्हर यांच्या पोटात हिरव्या पाट्या असतात, आणि पाटीवरच्या तांब्याच्या रेघांतून माहिती धावते असं सगळ्यांना वाटतं. वेग फार वाढला की मात्र ती तांब्याच्या आतून कमी आणि खालच्या पाटीतून जास्त चालते. वाटेत पाटी तिच्यातला थोडा थोडा भाग खाऊन टाकते. ही पाटी म्हणजे काचेचं विणलेलं कापड आणि त्यात मुरवलेली राळ, म्हणजे रेझिन. त्या दोघांत खादाड असते ती राळ. कमी खाणारी राळ तयार करायची, एवढंच आमच्या लॅबचं काम. ती अरविंद शिजवायचा आणि मी मोजायची.

अरविंद सौसरकडचा. जिल्हा पांढुर्णा, राज्य मध्य प्रदेश, घरची भाषा मराठी, घरची बाग संत्र्याची. एका हिवाळ्यात तो सुट्टीहून परत आला तो पोतंभर संत्री आणि सालीच्या तेलाची बाटली घेऊन. या तेलाचे रेणू सरळमार्गी आहेत, ते सिग्नलच्या वाटेत हात घालणार नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने त्या तेलापासून राळ केली, त्या राळेची पट्टी मी मोजली आणि यंत्र बिघडलं असं समजून पुन्हा मोजली. आम्ही तोवर केलेल्या कुठल्याही पट्टीपेक्षा ती कमी खात होती. आमच्या लॅबप्रमुख सरांनी पेढे वाटले. अरविंद नुसता म्हणाला, "जमून राहिलं." एरवी लॅबमध्ये तो आमच्यासारखं बोलायचा, पण फार खूश झाला की त्याच्या तोंडून घरची बोली निसटायची, आणि मी ती ऐकायला टपलेली असायची.

पुढे त्याचे वडील गेले. घरी आई एकटी आणि बाग, म्हणून वर्षभरात येतो असं सांगून तो गेला. जाताना तेलाचा मोठा कॅन ठेवून गेला. त्याच्या जागी आलेली मुलं हुशार होती, पण टिकायची नाहीत. आमच्या पट्ट्या मात्र हळूहळू बिघडत गेल्या. नव्या असताना बऱ्या वागायच्या, दमट हवेच्या पेटीत ठेवल्या की ओलावा धरायच्या आणि सिग्नल खायला लागायच्या. अरविंदच्या हाताला चव होती, असं सगळे म्हणायचे. शेवटी सरांनी सांगितलं, की महिनाअखेर हे संत्र्याचं काम बंद करायचं आणि बाहेरची तयार राळ मागवायची, नाहीतर जाऊन अरविंदला घेऊन यायचं.

मला तेवढंच निमित्त हवं होतं. मला तो परत हवा होता. लॅबला हवा होता हेही खरं, पण माझ्या मनातल्या कारणांत ते सगळ्यात शेवटचं होतं. माझं वय त्रेचाळीस आहे आणि असलं काही लिहिताना मला अजूनही इकडेतिकडे पाहावंसं वाटतं.

नागपूरला गाडी बदलली. इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत काटोल गेलं, नरखेड गेलं, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा सुरू झाल्या. समोर एक बाई बसल्या होत्या. मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा. त्यांनी मूठभर माझ्या हातावर ठेवल्या आणि मग चौकशीला लागल्या.

"कुठं जाऊन राहिल्या?"

"पांढुर्ण्याला. तिथून सौसर."

"सौसरले कोण हाय?"

"एक जुने सहकारी आहेत. आम्ही एका ठिकाणी काम करायचो."

"मतलब, मैतर."

"हो, तसंच."

"मग मैतरच सांगा ना सरळ," त्या म्हणाल्या आणि आणखी शेंगा दिल्या. शेंगा सोलत सोलत पांढुर्णा कधी आलं ते कळलं नाही.

स्टेशनाबाहेर सगळ्या पाट्या हिंदीत आणि त्यांच्या खाली चाललेली भांडणं मराठीत. मला ते फार आवडलं. पांढुर्णा हे आता जिल्ह्याचं ठिकाण आहे, आणि चहावाल्याने ते मी न विचारताच सांगितलं. "जिल्हा झाला मॅडम. पण चहा तोच हाय." चहा चांगला होता. अरविंद मला घ्यायला तिथेच येणार होता. मी दुसरा कप मागवला, केस सारखे केले, पुन्हा विस्कटून टाकले, आणि तेवढ्यात त्याचा मेसेज आला: गाडी पंक्चर, तू बसने ये, मी सौसरच्या स्टँडवर थांबतो. केसांवर केलेली एवढी मेहनत वाया गेली.

बसस्टँडकडे जाताना जाम नदी लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हिच्या दोन काठांवरून गोटमार (एकमेकांवर दगडफेक) चालते हे मी ऐकून होते. जानेवारीत पाणी कमी होतं आणि दोन बायका एकमेकींशी गप्पा मारत धुणं धूत होत्या. पुलावर जरा थांबावंसं वाटलं, पण रिक्षावाला म्हणाला की बस सुटेल.

बसमध्ये कंडक्टरने तिकीट देताना बजावलं, "सौसरले उतरजो बरं बाई. झोप लागली तर छिंदवाड्याले पोचून जाजो." झोप लागायचा प्रश्नच नव्हता. रस्त्याच्या एका अंगाला सातपुड्याच्या उतरत्या टेकड्या, दुसऱ्या अंगाला काळी जमीन, त्यात कापसाची शेवटची वेचणी चाललेली. कापूस भरलेले ट्रॅक्टर गेले की बाभळीच्या काट्यांना त्यातला थोडा अडकून राहतो. मैलोन्‌मैल बाभळींना असा कापूस लागलेला होता. हे अरविंदने मला एकदा लॅबमध्ये सांगितलं होतं, आणि तेव्हा मी ऐकता ऐकता यंत्राकडे बघत होते. आता वाटलं, त्याने सांगितलेलं सगळं पुन्हा एकदा त्याच्याकडूनच ऐकावं.

सौसरला तो स्टँडच्या फाटकासमोर उभा होता. बारीक झाला होता, काळा झाला होता, आणि कानाला मफलर होता. एवढ्या थोर रसायनतज्ज्ञाने मफलर बांधलेला मी प्रथमच पाहत होते.

"आली का?" तो म्हणाला. "कवाची वाट पाहून राहिलो."

त्याची बोली आता निसटत नव्हती, ती तिथेच मुक्कामाला होती. मग त्याच्याही लक्षात आलं आणि तो आमच्यासारखं बोलायला लागला, "प्रवास कसा झाला?" मी म्हटलं, "आधीचंच बोल."

त्याचं घर रामाकोना नावाच्या गावाच्या अलीकडे, बागेतच आहे. मोटारसायकलवर मागे बसून मी एका हाताने पिशवी धरली आणि दुसऱ्या हाताने काय धरावं याचा विचार करत रामाकोना जवळ आणलं. दारात त्याची आई उभी होती. लहान चणीची, डोक्यावर पदर, आवाज खणखणीत. मी त्यांना काकू म्हणायला लागले. त्यांनी ज्वारीची भाकर, सोल्याची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी आणि सांबारवडी (आमच्याकडे कोथिंबीर म्हणतात त्याची वडी) वाढली आणि मी वाढून घेत राहिले. सुट्टीहून परतला की अरविंदच्या डब्यात हीच वडी असायची. त्यातली अर्धी मी खायची, हे काकूंना बहुतेक ठाऊक होतं. त्यांनी माझ्या पानात आणखी तीन वड्या टाकल्या.

जेवून हात धुवायला बाहेर आले आणि पहिल्यांदा बाग नीट पाहिली. झाडं सुकत चालली होती. पानं मळकट, कडेने वळलेली, खाली मान घातलेली. बुंध्यांपाशी माती भेगाळली होती आणि ठिबकच्या नळ्या गुंडाळून एका कोपऱ्यात टाकल्या होत्या. नोकरी सोडून, तीन वर्षं राबून याच्या हाती हे आलं. मला वाईट वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ, खोटं कशाला सांगू, आनंद झाला. बागच गेली तर तो इथे राहील कशाला? मी मनातल्या मनात त्याला पुण्याच्या गाडीत बसवलं, खिडकीची जागाही दिली. मग स्वतःची लाज वाटली आणि लोट्यात उरलेलं पाणी मी जवळच्या झाडाच्या बुडाशी हळूच ओतलं.

दुपारी ओसरीवर ती बिघडलेली पट्टी त्याच्या हातात दिली. तो ती उन्हात धरून बराच वेळ बघत राहिला. मी त्याला सगळं सांगितलं: दमट हवेची पेटी, मुलांचे प्रयोग, सरांचा निरोप. मग रुमाल सोडून शिशी काढली. त्याने बूच काढून वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे कधीचं आहे?"

"तुझंच. तू ठेवून गेलास ते."

"तीन वर्षांचं?"

"फ्रिजमध्ये होतं. अगदी जपून वापरलं. मी कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही."

तो हसायला लागला आणि मग त्याने बूच परत लावलं. "नीलिमा, या तेलाला हवा सोसत नाही. कॅन जसा रिकामा होत जातो तशी आत हवा वाढते, अन् तेल त्या हवेतला ऑक्सिजन धरून बसते. त्याची राळ केली की ती पाणी धरते. पाणी आलं की तुझा सिग्नल गेला. हे ताजंच वापरायचं, उरवायचं नाही. मी समजलो, तुम्ही महिन्याभरात संपवाल. एवढं जपून ठेवायले कोणी सांगितलं होतं?"

बाजारातून दुसरं तेल आणू या असं मुलं कितीदा म्हणाली होती. तुलना बिघडेल, असं सांगून मी त्यांना गप्प केलं होतं. एखाद्या केमिस्टला पहिल्याच दिवशी वासावरून कळलं असतं, पण आमचा केमिस्ट सौसरला होता. सकाळी कॅन उघडला की लॅबभर संत्र्याचा वास पसरायचा, आणि तो वास मला संपायला नको होता. त्याच्या हाताची चव वगैरे काही नव्हतं. पट्ट्या मी बिघडवत होते, जपून जपून.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"काय करायचं म्हणजे? ताजं काढू."

आंबिया बहाराची, म्हणजे दिवाळीपासून येणारी, फळं उतरून गेली होती, पण शेवटची चुकार संत्री घरात टोपलीभर होती. काकू आणि मी अंगणात सोलायला बसलो. अरविंदने घरचा जुना प्रेशर कुकर काढला, शिटीच्या जागी तांब्याची नळी बसवली आणि ती नळी वेटोळं करून पाण्याच्या बादलीतून नेली. कुकरमध्ये साल शिजणार, वाफ नळीतून जाताना बादलीतल्या गार पाण्याने निवणार आणि पलीकडे थेंब थेंब पडणार. पाणी खाली बसतं, तेल वर तरंगतं. बादलीतलं पाणी कोमट झालं की बदलायचं, ते काम मी घेतलं. लॅबमध्येही आमच्या कामाची वाटणी अशीच असायची. चुलीच्या धुरात डोळे चोळत तो नळीचे सांधे तपासत होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. वाटलं, हे असंच चालत राहावं, साल संपूच नये.

अरविंद लाकडं आणायला मागे गेला तेव्हा काकूंनी संत्रं सोलता सोलता मान वर न करता विचारलं, "बाई, तू त्याले नेयाले आली का भेटाले?"

ट्रेनमधल्या बाई परवडल्या, असं वाटलं. "दोन्ही," मी म्हटलं.

"हं," काकू म्हणाल्या. "खरं बोलली. पयल्या वर्षी तो बॅग भरून ठेवे. मी मनाई नाही केली. उलट जाय म्हटलं, मी पाहून घेईन, गडी माणसं हायेत. मंग एक दिवस त्यानंच बॅग रिकामी केली. काऊन केली, थे मले नाही सांगितलं. तुले तो सांगीन तर पाय."

मी हो म्हटलं. बादलीतलं पाणी पुन्हा कोमट झालं होतं, म्हणून उठले आणि ओतून आले. परत येऊन बसते तोच काकूंची नजर माझ्यामागे गेली आणि त्या सोललेली फोड हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"बाई, पाणी कुठं टाकून राहिली तू?"

मी दाखवलं. अंगणाच्या कडेचं पहिलंच झाड. दुपारपासून सगळ्या बादल्या मी त्याच्याच बुडाशी रिकाम्या केल्या होत्या. माती गच्च भिजली होती. बिचाऱ्याला तेवढाच आधार, असं मला वाटलं होतं.

"अरविंदा," काकूंनी हाक मारली, "इकडे ये. हे झाड गेलं यंदा."

तो लाकडं टाकून धावत आला, झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसून हसायला लागला. काकू हसत नव्हत्या. त्यांनी मला समजावून सांगितलं, तेही लहान मुलीला सांगावं तसं. बाग सुकलेली नव्हती. बाग ताणावर सोडली होती. इकडे सगळेच सोडतात. दिवस ठरवून पाणी पार बंद करायचं. झाडं मरगळली तरी मन घट्ट ठेवायचं, पाहुण्याला चूळसुद्धा झाडापाशी भरू द्यायची नाही. ताण पुरा बसला की मग पाणी सोडायचं, आणि मग सगळी बाग एकदम फुलते. मध्येच पाणी मिळालं तर झाडाला नुसती पानं येतात. फूल नाही, फळ नाही.

"माझी चूक झाली काकू," मी म्हटलं.

"तुले कोणं सांगितलं होतं? आमीच नाही सांगितलं," त्या म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा पडलेला होता. पोटच्या पोराकडे पाहावं तसं त्या त्या झाडाकडे पाहत होत्या. माझं दुःख वेगळंच होतं. बाग मरत नव्हती. पंधरवड्यात ती फुलणार होती, आणि खिडकीजवळच्या जागेवर कुणी बसणार नव्हतं.

संध्याकाळपर्यंत टोपलीभर साल संपली आणि तिच्यातून जेमतेम एक लहान बाटली तेल निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कन्हान नदीपर्यंत चालत गेलो. थंडी होती, नदीवर धुकं होतं, आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी बैल पाण्यावर आणले होते. पुण्याला असताना मी हे वाक्य पुष्कळ तऱ्हांनी जुळवलं होतं. तिथे मात्र सरळ विचारलं, "परत येतोस का?"

त्याने लगेच उत्तर दिलं, म्हणजे त्यानेही ते तयार ठेवलं होतं. "नाही."

"काकू म्हणाल्या, पहिल्या वर्षी तू बॅग भरून ठेवायचास."

"ठेवायचो. तेव्हा मी समजे, की मले लॅबची आठवण येते. मग एकदा सकाळी बागेत फिरून राहिलो होतो, अन् लक्षात आलं की लॅबची काही येत नाही. ती पेटी, ते रिपोर्ट, सरांच्या मिटिंगा, काहीच नाही. हे काम मले आवडते, नीलिमा. हे माझं आहे." त्याने मफलर सैल केला. "आठवण तुझी येते. लॅबची नाही येत."

हे शब्द ऐकायला मी दहा वर्षं लॅबच्या बाकावर त्याच्या शेजारी बसले होते, असं मला वाटलं. आणि ते आले तेव्हा हातातून काहीतरी निसटतंय असंही वाटलं. कारण मला तो आवडतो तसंच माझं कामही आवडतं. माझं यंत्र खोलीभर आहे. ते रामाकोन्याला आणता येत नाही, आणि त्याच्याशिवाय मी तिथे काय करणार, संत्री मोजणार?

"मग आपण करायचं काय?" मी विचारलं.

"मलेही समजून नाही राहिलं," तो म्हणाला.

बैल पाणी पिऊन परत गेले. आम्ही बराच वेळ तिथे बसलो होतो, काहीही ठरवलं नाही, आणि गेल्या तीन वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मग बसची वेळ झाली म्हणून उठलो.

निघताना त्याने तेल एका बाटलीत भरलं. गळ्यापर्यंत भरलं, मग ड्रॉपरने थेंब थेंब सोडत काठापर्यंत आणलं. बूच दाबलं तेव्हा चार थेंब बाहेर ओघळले. "हवेले जागा ठेवायची नाही," तो म्हणाला. "गेल्या गेल्या वापर. अन् उरवू नको."

"नाही उरवणार."

"उरवू नको," त्याने पुन्हा सांगितलं.

काकूंनी माझ्या पिशवीत सांबारवड्यांचा डबा घातला. "नीट जाजो," त्या म्हणाल्या, "अन् येजो." ये म्हणायचं असतं ते आत्तासाठी. येजो म्हणजे पुढे, सवडीने, पण नक्की ये. मी वाकून नमस्कार केला आणि कडेच्या त्या भिजलेल्या झाडाकडे न पाहता मोटारसायकलवर बसले. या खेपेला दुसऱ्या हाताने काय धरावं याचा विचार केला नाही, त्याचा खांदा धरला.

या वेळी तो पांढुर्ण्यापर्यंत सोडायला आला. चहावाल्याने आम्हा दोघांना पाहून चहात आलं जास्त घातलं, असा मला संशय आहे. गाडी हलली तेव्हा अरविंद फलाटावर मफलर सारखा करत उभा होता. मी बाटली दोन्ही हातांत धरून बसले होते आणि हात हलवायचा राहून गेला.

पुण्यात पोचल्या पोचल्या आम्ही राळ केली. मुलं शिजवत होती, मी मोजत होते. पट्टी दमट हवेच्या पेटीत ठेवली, काढली, मोजली, पुन्हा ठेवली. पडद्यावरची रेघ जागची हलली नाही. पट्टीने पाणी धरलं नाही, सिग्नल खाल्ला नाही. सर स्वतः बघायला आले, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "उत्तम. म्हणजे आता अरविंद आला नाही तरी आपलं चालेल."

"चालेल," मी म्हटलं. पेढे आले. मी एक पेढा घेतला आणि सवयीने शेजारच्या बाकाकडे वळले. तिथे कुणाचा तरी डबा आणि हेल्मेट ठेवलेलं होतं. संत्र्याचं काम वाचलं, आणि त्याला परत बोलवायचं माझं निमित्त त्यानेच स्वतःच्या हाताने बुचाखाली घट्ट बंद करून टाकलं होतं. वेगाने निरोप पोचवण्यासाठी मी आयुष्यभर पट्ट्या मोजल्या, आणि माझा स्वतःचा निरोप सांगायला मला तेरा वर्षं आणि पाच वाहनं लागली.

बाटलीत थोडं तेल उरलं होतं. एक छोटी शिशी धुवून मी पुढेही ओढली होती. मग सगळंच्या सगळं मुलांच्या भांड्यात ओतलं आणि बाटली उपडी करून शेवटचा थेंब पडेपर्यंत धरली. लॅबभर तो वास पसरला. दोन दिवसांत तो गेला. मला फार चुटपुट लागली, पण शिशी मी रिकामीच परत कपाटात ठेवून दिली.

फेब्रुवारीत त्याचा फोन आला. मागे पाण्याचा आवाज येत होता.

"बाग फुलली," तो म्हणाला. "सगळी पांढरी झाली. मधमाश्या बोलू नाही देऊन राहिल्या."

"आणि माझं झाड?"

"त्याले पानंच आली. हिरवंगार आहे एकदम. आई रोज त्याच्यापाशी थांबते. त्याले पुण्याचं झाड म्हणते."

"तोडणार का?"

"कायले? पुढच्या खेपेले त्यालेही ताण देऊ." मग म्हणाला, "शेजारच्या बागेत मृग बहाराची फळं आता उतरून राहिली. साल पाहिजे तेवढी भेटते."

मी बाटलीकडे पाहिलं. धुवून, वाळवून खिडकीत ठेवली होती.

"तेल संपलं," मी म्हटलं.

पलीकडे पाण्याचा आवाज बंद झाला.

"मग येजो," तो म्हणाला.